पढवलेले साक्षीदार

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं पटत नाही, म्हणून लेखी देते.

परवा तुमच्याकडे जेवताना तुम्ही म्हणालात, "ठिणगे, तुमचं हे क्वांटम म्हणजे सरकारी खर्चाने चाललेली भुताटकी." मी हात धुवून निघून गेले. त्याबद्दल मामीची माफी मागते, तुमची नाही.

आता शांतपणे सांगते. आमच्या संस्थेच्या आवारात दोन इमारती आहेत, एकमेकींपासून सव्वादोनशे मीटरवर. मधोमध एक बुटकी खोली आहे, पूर्वी तिथे बागकामाची अवजारं ठेवायचे. त्या खोलीत बोटाच्या पेराएवढा एक स्फटिक आहे. त्यावर लेसरचा झोत पाडला की अधूनमधून प्रकाशाच्या कणांची एक जोडी जन्माला येते. एक कण काचेच्या तारेतून डावीकडच्या इमारतीत जातो, दुसरा उजवीकडच्या. तिथे त्यांच्या वाटेत एक गाळणी असते. गाळणी दोनपैकी एका कोनात उभी करता येते. कण आरपार गेला तर "हो", नाही गेला तर "नाही". बस, एवढंच. प्रत्येक कणाला एक प्रश्न आणि त्याचं एका शब्दाचं उत्तर.

पण ह्या दोन कणांची उत्तरं एकमेकांशी अशी जुळतात, की ती उत्तरं त्यांनी निघतानाच ठरवून आणली होती असं म्हणताच येत नाही. आणि वाटेत निरोप पाठवायला त्यांना वेळ नसतो. प्रश्न विचारून उत्तर नोंदवेपर्यंत ह्या टोकाचा प्रकाशसुद्धा त्या टोकाला पोचत नाही.

ही भुताटकी नाही, मोजणी आहे. आमच्या सरांनी ह्या प्रयोगावर नऊ वर्षं घालवली. येत्या दोन महिन्यांत निबंध छापायला जाईल. मी यंत्रं सांभाळते, त्यामुळे यंत्रांच्या परिच्छेदाखाली सही माझी असेल. छापून आला की एक प्रत तुमच्या उशाशी ठेवणार आहे.

तुमची,
ठिणगी (अजून धुमसणारी)

११ फेब्रुवारी

चि. ठिणगी, आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलं आहे, अक्कल तिथेच आहे.

मी एकतीस वर्षं तपास अधिकारी होतो. दोन माणसांना दोन खोल्यांत बसवून जबाब घेण्यात माझे केस पांढरे झाले. तेव्हा दोन खोल्या आणि दोन साक्षीदार ही गोष्ट तू मला शिकवू नकोस. खरे साक्षीदार कधी पुरते जुळत नाहीत. एक म्हणतो दार उघडं होतं, दुसरा म्हणतो लोटलेलं होतं. एकाला टोपी आठवते, दुसऱ्याला चप्पल. जबाब शब्दाला शब्द जुळले की समजायचं, हे पढवलेले आहेत. आत येण्याआधीच कोपऱ्यात उभं राहून त्यांनी सगळं ठरवलं आहे. याला अपवाद नाही.

तुझे कण एकाच खोलीतून निघतात, हे तूच लिहिलं आहेस. निघताना कानगोष्ट झाली असणार. त्यात नवल काय? एक हातमोजा पेटीत घालून तुला पाठवला आणि दुसरा मामीला. तू पेटी उघडलीस, डावा निघाला. मामीकडे उजवा आहे हे तुला त्याच क्षणी कळलं. त्यासाठी नऊ वर्षं आणि स्फटिक कशाला?

कानगोष्ट झालीच नाही हे सिद्ध कर, मग बोलू.

मामा

१९ फेब्रुवारी

मामा,

हातमोज्याचा दाखला मला अपेक्षितच होता. म्हणून आता तुम्हालाच कामाला लावते.

दोन साक्षीदार घ्या. त्यांना वेगळ्या खोल्यांत बसवा. प्रत्येकाला दोनपैकी एकच प्रश्न विचारायचा, "एक" किंवा "दोन". कोणता, ते नाणं उडवून ठरवा, प्रत्येक खोलीत वेगळं नाणं. उत्तर फक्त हो किंवा नाही. नियम असा: दोघांची उत्तरं सारखी आली तर ते जिंकले. फक्त दोघांनाही "दोन" विचारला गेला, तर उत्तरं वेगळी यायला हवीत. समोरच्याला कोणता प्रश्न पडला हे कोणालाच माहीत नाही.

आत जाण्याआधी त्यांना हवं तेवढं पढवा. तासभर कानगोष्ट करू द्या, चिठ्ठ्या लिहून खिशात ठेवू द्या. शंभर डावांत ते किती जिंकतील?

कागदावर मांडून बघा. चार प्रकारच्या डावांपैकी तीन जिंकायचे तर चौथा हरतोच. कितीही हुशार कट रचा, दीर्घकाळात शंभरात पंचाहत्तर, त्यापुढे नाही. हा निसर्गाचा नियम नाही, साधा हिशेब आहे. तो तुम्हालाही लागू, मलाही, हातमोज्यांनाही.

आमचे कण शंभरात चौऱ्याऐंशी जिंकतात.

म्हणजे ते पढवलेले नाहीत, मामा. पढवलेल्यांना हे जमतच नाही. मग काय आहेत? त्यावर जगभर भांडण आहे. कोणी म्हणतं प्रश्न विचारेपर्यंत उत्तर नसतंच, कोणी म्हणतं ती जोडी दोन नसून एकच वस्तू आहे. मला विचाराल तर मलाही ते पुरतं उमगलेलं नाही. पण "ठरवून निघाले आणि वाटेत बोलले नाहीत" हे तुमचं म्हणणं चौऱ्याऐंशीत बसत नाही. बसवून दाखवा.

ठिणगी

२ मार्च

ठिणगीस,

बसवून दाखवलं.

तुझी मामी स्वयंपाकघरात, शेजारच्या निवृत्त टपाल मास्तरीणबाई पुढच्या खोलीत आणि मी मधल्या दारात नाणी घेऊन. दोघींनी आधी ठरवलं: काही झालं तरी "हो" म्हणायचं. वीस डाव झाले. सोळा जिंकले! म्हणजे शंभरात ऐंशी. तुझ्या नऊ वर्षांच्या स्फटिकाला दोन बायकांनी एका दुपारी गाठलं. टपालबाई तर म्हणाल्या, अजून थोडा सराव झाला तर नव्वद काढू.

आता दोन प्रश्न, तपासाच्या पद्धतीने.

एक. गप्प बसणारे किती? प्रत्येक खटल्यात काही साक्षीदार तोंडच उघडत नाहीत. जे बोलले त्यांचेच जबाब मोजलेस, तर निकाल हवा तसा वाकवता येतो.

दोन. प्रश्न कोण ठरवतं, आणि कधी? साक्षीदाराला प्रश्न आधीच कळला असेल तर खोल्या वेगळ्या ठेवून काय उपयोग? माझ्या वेळेला एक वकील होता, त्याचे अशील कधी अडखळायचे नाहीत. मग कळलं, आमच्याच कचेरीतला एक जण प्रश्नांची यादी बाहेर नेत होता.

उत्तरं दे. आडवळणाने नको.

मामा

ता. क. — मी मामी लिहिते आहे. हे पाकीट चिकटवण्याआधी माझ्याकडे देऊन गेले म्हणून संधी साधली. सलग वीस वेळा "हो, हो" म्हणून माझा घसा बसला. लग्नात एकदाच म्हटलं होतं, तेही पुरेसं होतं. तू भांडत राहा. तुझं पत्र आलं की हे दिवसभर ताजेतवाने असतात.

८ मार्च

मामा,

वीस डावांत सोळा म्हणजे नशीब. चारशे करा, मग बोला. मामीला मधाचं पाणी द्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गप्प बसणारे पुष्कळ. आमची यंत्रं बऱ्याच जोड्या पकडतच नाहीत. पकडलेल्या जोड्या सगळ्यांच्या प्रतिनिधी आहेत असं आम्ही धरतो, आणि तसं धरलं आहे हे निबंधात उघड लिहिलं आहे. गप्प बसणाऱ्यांनाही हिशेबात धरून केलेले प्रयोग दुसरीकडे झाले आहेत. तिथेही पढवलेल्यांची हद्द ओलांडली गेली. तेव्हा ती वाट बंद.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही टोकांना एकेक पेटी आहे, ती दर क्षणाला आपोआप आकडा निवडते. आकडा कसा निवडते ते मी आल्यापासून उघडून पाहिलेलं नाही. ती पेटी माझ्या आधीची आहे. उद्या बघते आणि लिहिते.

ठिणगी

२१ मार्च

मामा,

तुमच्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे.

मी पेट्यांनी निवडलेल्या प्रश्नांची नोंद काढली, लागोपाठच्या दोन दिवसांची. लांबच लांब कागद, एक आणि दोन, एक आणि दोन. सहज म्हणून एक कागद दुसऱ्यावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. अक्षर अक्षरावर बसलं, मामा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पेटी चालू केली की दर वेळी त्याच आकड्यापासून सुरू होते आणि तीच यादी म्हणते. नऊ वर्षं दर सकाळी तेच पाठांतर.

आणि निबंधात, माझी सही जिथे यायची तिथेच, वाक्य आहे: "दोन्ही टोकांचे प्रश्न आधी कोणत्याही प्रकारे ठरलेले नव्हते."

दोन्ही कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून बघितले, चष्मा लावून बघितले. मग म्हणाले, "बरं. मग?"

"सर, हे वाक्य खोटं आहे."

"प्रकाशाचे कण आमच्या पेटीतली यादी वाचतात असं तुझं म्हणणं आहे?"

"नाही. वाचत नसतीलच. पण आपण दाखवलंय असं लिहिलंय, आणि ते आपण दाखवलेलं नाही."

"निकाल बदलेल?"

"मला नाही वाटत."

"मग सही कर," ते म्हणाले. "मी दोन वर्षांत निवृत्त होणार आहे. पेट्या बदलून सगळं पुन्हा करायला वर्ष जाईल. जे बरोबर आहे ते बरोबरच आहे. एका पेटीपायी ते अडवून धरणं म्हणजे प्रामाणिकपणा नाही, हट्ट आहे."

ते वाईट नाहीत, मामा. मला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं, हात धरून. माझा पहिला पगार उशिरा झाला तेव्हा घरभाडं त्यांनी भरलं होतं. म्हणून तर जास्त अवघड आहे. शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे. काय करू?

ठिणगी

२५ मार्च

ठिणगीस,

वाह! मी म्हटलं नव्हतं? यादी फुटली होती! एकतीस वर्षांचा अनुभव असा वाया जात नसतो. तुझे कण पढवलेलेच निघाले, आणि तेही एका टपाल मास्तरीणबाईइतके साधे.

टपालबाईंना बातमी दिली, त्यांनी टाळी वाजवली. आता त्या सरांना सांग, क्वांटमचं दुकान बंद करा आणि एखादं उपयोगी काम बघा.

सहीचं तू जाणतेस. मोठी झालीस.

मामा

ता. क. — मामी. वरचं पत्र लिहून हे आरामखुर्चीत जाऊन बसले आणि चहा तसाच गार झाला. तुझ्या पत्रातलं "सही कर" मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "पुढचं वाच," आणि पुढचं ऐकलं नाही. तू ह्यांना गोदामातल्या दोन भावांचं विचार. मी विचारलं तर उत्तर मिळत नाही. सव्वीस वर्षं झाली विचारून.

२८ मार्च

मामा,

तुम्ही बरोबर निघालेला नाहीत. प्रश्न बरोबर विचारलात, एवढंच. त्यासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी राहीन, पण उत्तर तुमचं नाही. यादी फुटलेली असणं वेगळं आणि कोणी ती वाचली असणं वेगळं. दार उघडं सापडलं म्हणून चोरी झाली असं तुम्ही तरी लिहिलं असतंत का?

आणि "सहीचं तू जाणतेस" हे काय उत्तर झालं? माझ्या चपलेचा पट्टा तुटला तरी तुम्ही दोन पानी सल्ला देता. इथे माझी नोकरी, माझे सर, माझं नाव सगळं एका ओळीवर आलंय, आणि तुम्ही टाळ्या वाजवता?

मी सरांना परवा सांगितलं, सही करणार नाही. त्यांनी माझ्याकडून प्रयोगाच्या खोलीची किल्ली मागून घेतली. आरडाओरडा केला नाही. नुसता हात पुढे केला.

आता मीही एक प्रश्न विचारते, आडवळणाने नको. गोदामातले दोन भाऊ कोण?

ठिणगी

१६ एप्रिल

ठिणगी,

तीन कागद फाडले. हा चौथा.

एका धान्याच्या गोदामाला आग लागली. आत अडकून दोन माणसं दगावली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, म्हणून गेली. दोन हमाल होते, सख्खे भाऊ. दोघांनी सांगितलं, कुलूप व्यवस्थापकाने स्वतः लावलं, दुपारी, आमच्यासमोर. दोघांचे जबाब जुळले. व्यवस्थापक डाव्या हाताने कुलूप लावत होता, किल्ली एकदा खाली पडली, तो वाकला तेव्हा खिशातला पेन पडला. दोघांनी हेच सांगितलं, ह्याच क्रमाने.

माझे वरिष्ठ म्हणाले, इतकं जुळतंय म्हणजे पढवलेलं आहे, तसा शेरा लिही. व्यवस्थापक कोणाचा कोण होता ते तुला सांगण्यात अर्थ नाही.

पण ऐक. आग विझायच्या आत मीच त्या दोघांना वेगळं केलं होतं. मोठ्याला मी माझ्या गाडीत बसवलं, धाकट्याला हवालदाराबरोबर पुढे पाठवलं. त्यांना एक शब्द बोलायलाही फुरसत मिळाली नव्हती. हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच माणसाने लिहिलं, "जबाब पढवलेले वाटतात." खाली सही केली.

कुलूप त्या भावांनीच लावलं असं ठरलं. अडीच वर्षं आत गेले.

त्यानंतर मी प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला शिकवत आलो: जुळलं की पढवलेलं, अपवाद नाही. शंभर वेळा सांगितलं की माणसाला स्वतःचंही खरं वाटू लागतं. तुला सांगितलं तेव्हाही मला खरंच वाटत होतं.

तू सही केली नाहीस हे वाचलं. मी त्या दिवशी चाळीस वर्षांचा होतो, पदरी बायको होती, कर्ज नव्हतं, कोणी पिस्तूल रोखलं नव्हतं. नुसता एक हात टेबलावरून कागद पुढे सरकवत होता. तेवढ्याला मी घाबरलो.

किल्ली गेली तर जाऊ दे. मागे हटू नकोस. कमी पडेल ते इथून पाठवतो.

मामा

१९ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रागवायचं होतं, पण जमलं नाही. तुमच्यावर खूश आहे असंही नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, नाहीतर तुम्ही माझ्या कणांच्या मागे लपाल. त्या भावांचे जबाब जुळले यात काही गूढ नव्हतं. दोघांनी एकच गोष्ट बघितली होती, म्हणून जुळले. जग जसं आहे तसं त्यांनी सांगितलं. माझे कण वेगळे आहेत, त्यांच्यापाशी सांगायला आधी काही नसतंच. त्या दोघांना न्याय द्यायला क्वांटम लागत नाही. फक्त एका माणसाचा जबाब लागतो.

तो माणूस अजून आहे.

ठिणगी

३ सप्टेंबर

मामा,

चार महिने तुमचं पत्र नाही, माझंही नाही. मामीचं कार्ड आलं होतं, "हे बाहेर असतात, कुठे ते सांगत नाहीत, तब्येत बरी आहे." म्हणून मीही गप्प राहिले. आता मात्र लिहायलाच हवं.

मेमध्ये सरांनी मला बोलावलं. निबंध त्यांनी पाठवलाच नव्हता. माझी सही नव्हती, आणि ती का नाही हे संपादकांनी विचारलं असतं. ते म्हणाले, "तुला हवं ते करून दाखव. तीन महिने. माणूस देणार नाही, पैसा देणार नाही." किल्ली टेबलावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

माणूस त्यांनी दिला नाही, पण वर्कशॉपमधल्या बाई स्वतःहून आल्या. त्यांना क्वांटममधलं काडीचं कळत नाही, पण लबाड पेटी त्यांना सहन होत नाही. आम्ही दोघींनी भंगारातल्या सुट्या भागांतून दोन नव्या पेट्या केल्या. दोन्ही पेट्यांत एकेक छोटा तापता भाग आहे, त्यातल्या विजेच्या खळबळीतून प्रश्न निघतो. त्याची यादी नाही, पाठांतर नाही. पेटी शंभर वेळा बंद-चालू केली, शंभर कागद काढले आणि एकेक करून खिडकीला लावले. कुठलाही कागद कुठल्याही कागदावर बसला नाही. बाई म्हणाल्या, "आता ही खरी बेभरवशाची झाली. माझ्या जावयासारखी."

मामा, शेवटच्या आठवड्यात मला भीती वाटली होती. यादी काढून घेतल्यावर आकडा पंचाहत्तरवर येऊन बसला असता तर? तुम्ही जिंकला असतात, सरांची नऊ वर्षं गेली असती, आणि ते माझ्या हातून झालं असतं. तरीही मी बटण दाबलं. मला पंचाहत्तर आलं असतं तर मी पंचाहत्तर लिहिलं असतं. हे तुम्हाला सांगताना मान ताठ आहे.

अकरा दिवस मोजलं. शंभरात चौऱ्याऐंशी. जुना आकडा, नवी पेटी.

सर आले, उभ्यानेच आकडा वाचला. मग म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

"हो सर," मी म्हटलं. "म्हटलं होतंत. आता दाखवलंय."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. हसले का चिडले ते अजून कळलेलं नाही. पण निबंधात जुन्या पेटीची चूक त्यांनी स्वतःच्या हाताने एक परिच्छेदभर लिहिली. माझ्या परिच्छेदाखाली मी सही केली. बाईंचं नाव त्यांनी आधी आभारात टाकलं होतं. मी म्हटलं, वर आपल्या नावांबरोबर घ्या. घेतलं.

आता तुमच्याकडे कोणती पळवाट उरली आहे ते कळवा. आणि चार महिने कुठे होतात तेही.

ठिणगी

२७ सप्टेंबर

चि. ठिणगी,

पळवाट शोधली. तीन वह्या भरल्या. मामी आणि टपालबाईंकडून चारशे डावही करून घेतले, दोनशे सत्त्याण्णव जिंकल्या. टपालबाई माझ्याशी बोलत नाहीत. तुझं म्हणणं मला मान्य आहे. आवडलेलं नाही. मान्य आहे.

आता दुसरं.

मे महिन्यापासून त्या दोघांना शोधत होतो. थोरला सहा वर्षांपूर्वी गेला. धाकटा एका शहराच्या कडेला राहतो, सायकली दुरुस्त करतो. मी दुकानापुढे उभा राहिलो, तो चाकाच्या तारा ताणत होता. वर न बघता म्हणाला, "पंक्चर?"

मी माझं नाव आणि हुद्दा सांगितला. त्याने चाक खाली ठेवलं. म्हणाला, "साहेब, आम्ही खरं बोललो होतो."

मी म्हटलं, "मला तेव्हाच माहीत होतं."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मग हे लिहून द्या."

मी खिशातून जबाब काढला. त्यात तारीख, वेळ, कोणाला कोणत्या गाडीत बसवलं, शेरा कोणी लिहायला सांगितला आणि कोणी लिहिला, सगळं होतं. त्याने हात पुसले, उभ्याने दोनदा वाचला. म्हणाला, "अजून एक प्रत करा. दादाची मुलगी आहे. शाळेत तिला काय काय ऐकावं लागलं ते तुम्हाला माहीत नाही." तिथेच स्टुलावर बसून दुसरी प्रत काढली. तो तारा ताणत राहिला, मी लिहीत राहिलो. पाणी त्याने दिलं नाही, मी मागितलं नाही.

काल आम्ही तिघं माझ्या जुन्या कचेरीत गेलो: मी, तो आणि ती पुतणी. खिडकीतल्या कारकुनाने जबाब उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "आजोबा, ही फाईल कधीच नष्ट झाली. वरिष्ठ वारले, व्यवस्थापकही वारला. आता ह्याचा काय उपयोग?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पुतणी खिडकीशी आली. कागदावर बोट ठेवून म्हणाली, "उपयोगाचं आमचं आम्ही बघू. तुम्ही आवक शिक्का मारा."

कारकून म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. ती म्हणाली, थांबतो. आम्ही बाकावर बसलो, तिघं ओळीने. अडीच तासांनी शिक्का मिळाला, दोन्ही प्रतींवर. एकीवर जरा वाकडा उमटलाय, पण तारीख वाचता येते.

मामा